कूलंटची धार आणि कामगाराची कातडी

सोनारीहून आणि परंड्याच्या आसपासच्या गावांतून जी मुले पिंपरी-चिंचवडला लेथवर उभी राहिली, त्यांना दुधासारखे पांढरे ‘कूलंट’ समजावून सांगावयास नको. लोखंड कातताना टूलचे टोक तापून मऊ पडते. त्यावर ही धार सोडली की टूल टिकते. तेल आणि पाणी एकजीव राहावे म्हणून त्यात साबणासारखे द्रव्य घालतात; गंज चढू नये म्हणून आणखी काही. या ‘आणखी काही’ विषयीच आज बोलावयाचे आहे.

धारेचे शास्त्र अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने मांडले. होय, तोच टेलर, ज्याच्या घड्याळाने कामगाराचा क्षण न् क्षण मोजला! कीस निघतो त्या जागी पाण्याची भरपूर धार सोडल्यास कातण्याचा वेग ३० ते ४० टक्के वाढतो, असे त्याने १९०६ साली जाहीर केले. वेग मोजला गेला. धारेत भिजणाऱ्या हातांकडे पाहावयाचे राहिले.

तेलाचा प्रताप ठळकपणे दिसला तो इंग्लंडच्या सूतगिरण्यांत. चात्यांना दिलेले खनिज तेल उडून कामगारांच्या कपड्यांत मुरत असे. १९२२ साली मँचेस्टरच्या साउदॅम आणि विल्सन या डॉक्टरांनी अंडकोशाच्या कातडीच्या कर्करोगाचे १४१ रोगी पाहिले, तर त्यांतले ६९ जण म्यूल यंत्रावर सूत कातणारे निघाले. गिरणीत कोणते तेल वापरावे, याचा सक्तीचा नियम तेथे झाला १९५३ साली. मधल्या एकतीस वर्षांचा हिशेब कोणी द्यावयाचा?

दुसरी हकीकत लेथवाल्यांच्या अधिक जवळची. गंज थांबविण्यासाठी कूलंटमध्ये नायट्राइट घालीत, आणि त्याच डब्यात इथेनॉलअमाइन जातीची द्रव्येही असत. दोहोंच्या संयोगाने नायट्रोसअमाइन तयार होते. त्या कुळातल्या एका द्रव्याने उंदरांना यकृताचा कर्करोग होतो, हे मॅगी आणि बार्न्स यांनी १९५६ सालीच दाखविले होते. तरी कूलंटमध्ये नायट्रोसअमाइन सापडल्याचे वृत्त छापून येण्यास १९७७ साल उजाडले, आणि अमेरिकेत अशा काही मिश्रणांत नायट्राइट घालण्यास बंदी झाली १९८४ साली.

रेणूची घडण पाहून त्याचे गुणदोष आधीच ताडण्याची विद्या कॅलिफोर्नियात कॉर्विन हान्श यांनी १९६२ पासून उभी केली. संगणकामुळे ती आता पुष्कळ पुढे गेली आहे. उंदरावर प्रयोग न करताही धोक्याची सूचना मिळू शकते. विद्या खरी, यात शंका नाही. परंतु तिच्यापुढे रेणूचे नाव ठेवावे लागते, आणि डब्यावर असते कंपनीने दिलेले व्यापारी नाव!

भोपाळला १९८४ साली वायूने हजारो माणसे मारली, तेव्हा कुठे १९८७ साली कारखाना कायद्यात ४१-ब हे कलम आले आणि धोक्याच्या कारखान्यांतील मालकांवर कामगारांना माहिती देण्याचे बंधन पडले. त्यानंतर एका कारखान्यात आम्ही कूलंटचा कागद मागितला. दोन महिन्यांनी मिळाला, तोही इंग्रजीत. रात्रशाळेत शिकलेल्या एका टर्नरने तो सर्वांना वाचून दाखविला. कागद होता नव्या डब्याचा. टाकीत सहा महिने फिरलेल्या पाण्यात जंतू, यंत्रातून गळलेले तेल आणि धातूचा चुरा मिसळलेला असतो. त्याचीही तपासणी व्हावी, असा दुसरा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी लिहिला.