न्यूमोकॉकल लस : औषधांना दाद न देणाऱ्या न्यूमोनियावर प्रतिबंध

न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसांचा संसर्ग. बालकांमधील गंभीर न्यूमोनियाचे एक प्रमुख कारण म्हणजे न्यूमोकॉकस हा जिवाणू. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, म्हणजे धारणी व चिखलदरा तालुक्यांत, १९९० च्या दशकात गाजलेल्या बालमृत्यूंमागे कुपोषणाच्या जोडीला न्यूमोनियाही होता.

पेनिसिलिनने हा जिवाणू एकेकाळी सहज आटोक्यात येई. मात्र १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे न्यूमोकॉकस आढळले. तेव्हापासून आजार होऊच न देण्याचे महत्त्व वाढले.

लसीचे तत्त्व

या जिवाणूभोवती शर्करेचे आवरण असते. त्यातील फरकांनुसार त्याचे नव्वदहून अधिक प्रकार होतात. दोन वर्षांखालील बालकाचे शरीर केवळ शर्करेविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण करू शकत नाही. म्हणून ती शर्करा प्रथिनाला जोडून लस तयार केली जाते. लसीमुळे नाक-घशात जिवाणूचा वावर कमी होतो, प्रसार घटतो आणि प्रतिजैविकांची गरजही कमी पडते.

अमेरिकेत २००० मध्ये सात प्रकारांविरुद्धची लस आल्यानंतर प्रतिरोधी संसर्ग घटले. परंतु लसीत नसलेला ‘१९ ए’ हा प्रकार बळावला. त्यामुळे २०१० मध्ये तेरा प्रकारांची लस आणावी लागली.

पुण्यातील निर्मिती

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांविरुद्धची ‘न्यूमोसिल’ ही लस विकसित केली. तीत ‘१९ ए’चाही समावेश आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात न्यूमोकॉकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात २०२१ मध्ये.

वेळापत्रक

दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने अशा तीन मात्रा शासकीय केंद्रांत विनामूल्य दिल्या जातात. रोजगारासाठी मेळघाटाबाहेर पडणाऱ्या कोरकू कुटुंबांतील बालकांची एखादी मात्रा चुकण्याचा संभव असतो. अशा वेळी लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवल्यास अकोला वा अमरावती येथील शासकीय केंद्रातही पुढील मात्रा घेता येते.

ही लस सर्व न्यूमोनियांवर चालत नाही. रुग्णालयांत डोकेदुखी ठरलेल्या क्लेब्सिएलावर अद्याप मान्यताप्राप्त लस नाही. त्यामुळे लस घेतलेल्या बालकाचाही श्वास जलद चालू लागल्यास किंवा छाती आत ओढली जात असल्यास त्याला त्वरित दवाखान्यात न्यावे.