मुन्सफीची परीक्षा

उर्दूच्या तासाला 'इन्साफ' हा शब्द आला की मी फळ्यावर आधी 'निस्फ' लिहिते. निस्फ म्हणजे अर्धा. दोन बाजूंना बरोबर अर्धे अर्धे वाटून देणे म्हणजे इन्साफ, आणि वाटून देणारा तो मुन्सिफ. मराठीत त्याचा मुन्सफ झाला. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाला जुनी माणसे अजूनही मुन्सफच म्हणतात. दावा, फिर्याद, वकील, जामीन, हुकूम, कैफियत, दस्तऐवज ही मराठी कोर्टाची सगळी शब्दसंपत्ती अरबी-फारसीतून आलेली आहे. मुलांना हे सांगितले की त्यांचे चेहरे खुलतात. मग एखादी मुलगी हळूच विचारते, "टीचर, मग कोर्टात आपले जज किती असतात?"

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात याचे एक उत्तर आहे. ज्या राज्यांनी समितीला माहिती दिली, तिथल्या न्यायखात्यात शिपायापासून वरपर्यंत सर्व पदे धरून मुस्लिमांचे प्रमाण ७.८ टक्के निघाले. हा आकडा आपल्या सभांमधून बऱ्याचदा सांगितला जातो. पण या खुर्चीसाठी तरुण माणूस निवडायचा कसा, आधी शिकवून मग निवडायचा की आधी निवडून मग शिकवायचा, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तो अडीचशे वर्षांचा आहे आणि त्यात आपण सुरुवातीपासून आहोत.

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये दिवाणी अदालती उभ्या केल्या. वारसा, लग्न अशा बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावायचा, असे ठरले. न्यायाधीश इंग्रज, त्याला ना अरबी येते ना संस्कृत. म्हणून प्रत्येक अदालतीत मौलवी आणि पंडित नेमले गेले. साहेबाने खटला ऐकायचा, प्रश्न लिहून मौलवीकडे द्यायचा, मौलवीने फतवा लिहून द्यायचा आणि त्यावर साहेबाने निकाल द्यायचा. आज 'फतवा' म्हटले की वृत्तवाहिन्यांना ऊत येतो. त्या काळी फतवा हा कंपनी सरकारच्या कचेरीतला रोजचा कागद होता.

एवढे मौलवी आणायचे कुठून? कलकत्त्यातल्या काही मुस्लिम प्रतिष्ठितांनी हेस्टिंग्जला विनंती केली आणि १७८० मध्ये कलकत्ता मदरसा सुरू झाला. सुरुवातीचा खर्च हेस्टिंग्जने स्वतःच्या खिशातून केला, नंतर तो कंपनीने भरून दिला. हेतू सरळ होता. मुस्लिम घरांतली मुले सरकारी आणि अदालतीच्या कामाला तयार व्हावीत. आज मदरसा या शब्दाभोवती जे धुके आहे ते पाहता, या देशात इंग्रजांनी सरकारी कामासाठी माणसे घडवायला काढलेली पहिली मोठी संस्था मदरसा होती, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहून घेते. १७९१ मध्ये जोनाथन डंकनने बनारसला संस्कृत कॉलेज काढले, तेही हिंदू कायद्याचे जाणकार मिळावेत म्हणून. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८११ मध्ये मुंबईतच वारला. कॉर्नवॉलिसच्या १७९३ च्या नियमांनुसार कंपनीच्या अदालतीत वकिली करायला सनद लागू लागली आणि ती फक्त हिंदू व मुसलमानांनाच मिळे. आपले वकील आजही 'सनद घेतली' म्हणतात.

या व्यवस्थेत वर चढलेल्या एका तरुणाची गोष्ट आपल्याला वेगळ्या कारणासाठी माहीत आहे. सय्यद अहमद खान, म्हणजे पुढचे सर सय्यद. १८३८ मध्ये वडील गेले, घराला पगाराची गरज पडली. नात्यातले वडीलधारे मौलवी खलीलुल्लाह खान दिल्लीत सदर अमीन होते. त्यांच्या कचेरीत बसून सय्यद अहमद काम शिकले आणि सरिश्तेदार म्हणून लागले. पुढच्या वर्षी आग्र्याला कमिशनरच्या कचेरीत नायब मुन्शी झाले. तिथे असताना मुन्सफीच्या परीक्षेची तयारी केली. दिवाणी नियमांचा एक सारांश त्यांनी आपल्या भावासोबत तयार केला. त्याचे नाव 'इन्तिखाबुल अखवैन', म्हणजे दोन भावांनी केलेली निवड. तो इतर उमेदवारांच्याही कामी आला. आजच्या भाषेत सांगायचे तर स्पर्धा परीक्षेचे गाईड. १८४१ च्या डिसेंबरात ते मैनपुरीला मुन्सफ झाले, मग फतेहपूर सिक्री, दिल्ली, आणि १८५५ मध्ये बिजनौरला सदर अमीन. अलीगढची संस्था काढणारा माणूस १८७६ पर्यंत न्यायखात्याचा नोकर होता, हे आपल्या सर सय्यद जयंतीच्या भाषणांत येतच नाही. त्यांचा मुलगा सय्यद महमूद बॅरिस्टर होऊन परतला आणि १८८७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाचा न्यायाधीश झाला. बाप कचेरीत शिकला, मुलगा लंडनच्या लिंकन्स इनमध्ये. या दोघांमध्ये जी दरी आहे, ती दरी हाच या लेखाचा विषय आहे.

कारण मधल्या काळात परीक्षाच बदलली. १८३७ मध्ये फारसी ही अदालतीची भाषा राहिली नाही. १८६० ची दंडसंहिता आली. तिच्या 'ताजीराते हिंद' या उर्दू अनुवादात कादंबरीकार नजीर अहमद यांचा हात होता, हे मी उर्दूच्या मुलांना सांगतेच. संहिता आली तसे मौलवीला विचारण्याचे कारण सरले. १८६४ च्या कायद्याने अदालतीतले मौलवी, पंडित आणि काझी यांची पदे रद्द झाली. १८८० चा काझी कायदा आला तो लोकांच्या सोयीसाठी काझी नेमण्यापुरता. न्याय करण्याचा अधिकार त्या काझीला नव्हता.

डब्ल्यू. डब्ल्यू. हंटरने १८७१ च्या आपल्या पुस्तकात एक आकडा दिला आहे. कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयात १८५२ ते १८६८ या काळात २४० देशी वकील दाखल झाले, त्यांत २३९ हिंदू आणि मुसलमान एक. आपले वक्ते हा आकडा साऱ्या हिंदुस्थानाचा म्हणून सांगतात. ते बरोबर नाही. हंटर खालच्या बंगालबद्दल लिहीत होता. वायव्य प्रांतात त्याच काळात मुसलमान मुन्सफ आणि सदर अमीन बऱ्यापैकी होते, सर सय्यद स्वतः त्यांतले. शिवाय हंटरच्याच म्हणण्यानुसार १८३८ पर्यंत तिथले मुसलमान वकील इतर सर्वांच्या बरोबरीने होते. बारा-पंधरा वर्षांत समाजाची अक्कल कमी होत नाही. पात्रतेची कसोटी बदलली, ती इंग्रजीतून गेली, आणि ज्यांच्या घरात इंग्रजी शाळेची फी आधी पोचली ते आधी पोचले. आपले लोक त्या शाळेपासून दूर राहिले, तो भागही खराच. पण सगळा दोष त्याच्याच माथी मारणे मला पटत नाही.

मुंबई इलाख्यात गोष्ट जरा निराळी घडली. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेत फौजदारी कायदा लेखी मांडला गेला होता, त्यामुळे इथे फौजदारी खटल्यात काझीच्या मताची गरज बंगालपेक्षा कितीतरी आधी संपली. १८५५ मध्ये मुंबईत सरकारी कायदेशाळा सुरू झाली. १८६९ च्या कायद्याने मुन्सफ आणि सदर अमीन ही नावे जाऊन पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश आले. न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यात असेच पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले, हातात मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन. आपल्याकडून बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले, १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. तय्यबजींचा अभिमान मलाही आहे. पण ते व्यापारी घराण्यातले, विलायतेला जाऊ शकणारे. बीड-परभणीच्या मुलाला त्यांच्या वाटेचा उपयोग नव्हता. त्याला तालुक्याच्या मुन्सफीची वाट हवी होती.

स्वातंत्र्यानंतर ही वाट राज्यघटनेच्या २३४ व्या अनुच्छेदातून जाते. महाराष्ट्रात लोकसेवा आयोग परीक्षा घेतो, पद दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असे लांबलचक, आणि निवड झाल्यावर भाईंदरजवळ उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. वाद एकाच मुद्द्यावर फिरत राहिला आहे. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. २००२ मध्ये, शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर, ती अट काढली, कारण हुशार पदवीधर तीन वर्षांनी या नोकरीकडे वळत नाहीत. त्याऐवजी निवडीनंतर किमान एक, शक्यतो दोन वर्षे प्रशिक्षण द्या, असे सांगितले. २० मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तीन वर्षांची अट पुन्हा आणली. कोर्टाचा अनुभव नसलेले न्यायाधीश अडचणीचे ठरतात, असा बहुतेक उच्च न्यायालयांचा अनुभव होता.

अनुभवाचा मुद्दा मला मान्य आहे. सर सय्यदही आधी कचेरीत बसले, मग मुन्सफ झाले. पण सरिश्तेदाराला पगार होता. नव्या वकिलाला सीनिअरच्या चेंबरमध्ये पहिली वर्षे बसभाड्यापुरते मिळाले तरी खूप. आमच्या मोहल्ल्यात एलएल.बी. करणाऱ्या मुलींची संख्या वाढते आहे. त्यांच्या घरी पदवीनंतर तीन वर्षे थांबा म्हणणे म्हणजे काय, हे मी पालकसभेत रोज पाहते. निकालात एक सवलत आहे: न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम अनुभवात धरले जाते. तिथे निदान पगार मिळतो. ही गोष्ट आमच्या मुलींपर्यंत पोचवायला हवी. दुसरी अट अशी की वकिलीच्या अनुभवाचा दाखला त्या कोर्टाच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याने द्यायचा, किंवा किमान दहा वर्षे सनद असलेल्या वकिलाने देऊन त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. म्हणजे चेंबरमध्ये बसू देणारा कोणीतरी आधी हवा. सय्यद अहमदांना मौलवी खलीलुल्लाह होते. आपल्या तालुक्याच्या गावात दहा वर्षे सनद असलेले किती वकील आहेत, आणि त्यांतले किती जण उर्दू शाळेतून आलेल्या मुलीला टेबलाशी खुर्ची देतील, याची यादी करायचे मी आणि आमच्या शाळेतल्या दोन शिक्षकांनी ठरवले आहे. पहिली चार नावे लिहून झाली आहेत.