बेसबॉलची पुस्तके आणि करारातले एक कलम



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने बेसबॉलच्या पुस्तकांवर बोलावे, ह्याचे कित्येकांना नवल वाटेल. माझे शिक्षण वर्गात थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात फार झाले. करारनामे आणि लवादाचे निवाडे वाचता वाचता मी ह्या पुस्तकांपाशी येऊन पोचलो. कारण अमेरिकेतल्या ह्या खेळाचा इतिहास हा जितका चेंडू-फळीचा, तितकाच करारातल्या एका कलमाचा इतिहास आहे.

ते कलम काय होते, हे आधी पाहू. 1879 साली नॅशनल लीगच्या संघमालकांनी आपसांत गुपचूप ठरविले की, प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. पुढे ही राखीव यादी वाढत गेली आणि ती अट खेळाडूच्या करारातच येऊन बसली. करार एका वर्षाचा. पण वर्ष संपले तरी खेळाडू त्याच मालकाचा! मालकाने त्याला विकावे, दुसऱ्या गावी धाडावे, नको झाला तर काढून टाकावे. खेळाडूला मात्र हक्क एकच, खेळ सोडून घरी बसण्याचा.

ह्याविरुद्ध पहिला उभा राहिला तो जॉन माँटगोमेरी वॉर्ड. हा न्यूयॉर्कचा नामांकित खेळाडू. खेळता खेळता कोलंबियात कायदा शिकलेला. 1885 साली त्याने खेळाडूंचे बंधुमंडळ स्थापन केले आणि 1887 साली लेख लिहून सरळ सवाल टाकला : बेसबॉलचा खेळाडू ही जंगम मालमत्ता आहे काय? 1890 साली खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या नेतृत्वाखाली रविवारची सुट्टी मिळविली. आपल्याकडे ती सुट्टी टिकली. तिकडे खेळाडूंची लीग एका हंगामात आटोपली. तिच्यात पैसा घालणाऱ्यांनी जुन्या मालकांशी तडजोड केली. उसन्या भांडवलावर उभारलेला लढा भांडवलाबरोबरच बसतो, हा त्यातला धडा.

आता कादंबरीकडे वळू. शिकागोचा वार्ताहर रिंग लार्डनर ह्याचे ‘यू नो मी अल’ हे पुस्तक 1916 साली निघाले. एक बढाईखोर, अर्धशिक्षित पिचर गावाकडच्या मित्राला पत्रे लिहितो, अशी त्याची रचना. वाचक त्याच्या चुकांना हसतो. पण हसता हसता त्याला दिसते की, हा बलदंड गडी मालकासमोर पगाराची बोलणी करावयास बसला की हमखास हरतो. इतिहासकार सांगतो की खेळाडू अगतिक होता. कादंबरीकार त्या अगतिकाचा आवाज आपल्या कानी घालतो.

1919 साली शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ खेळाडू जुगाऱ्यांशी संगनमत करून विश्वमालिका हरल्याचा बोभाटा झाला. 1921 साली ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले आणि दुसऱ्याच दिवशी कमिशनर लँडिस ह्याने त्यांना जन्माचे बाद केले. एलियट ॲसिनॉफ ह्याने 1963 साली ‘एट मेन आउट’ लिहिले. हा लेखक स्वतः खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळलेला. मालक कोमिस्की कंजूष, म्हणून खेळाडू बिघडले, असे त्याचे प्रतिपादन. माझ्यासारख्याला ते गोड लागणारच. परंतु पुढे संशोधकांनी पगाराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले की त्या संघाचा पगारखर्च लीगमधल्या मोठ्या खर्चांपैकी होता. तेव्हा आपल्या बाजूचा म्हणून पुरावा डोळे मिटून घेऊ नये. आणि त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. प्रश्न पगार किती हा नव्हता. नको असलेली नोकरी सोडून दुसरी धरता येते की नाही, हा होता.

1922 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे. म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागत नाही. 1953 साली तेच कायम राहिले. ह्याच सुमारास, 1952 साली, बर्नार्ड मालामूडची ‘द नॅचरल’ ही कादंबरी निघाली. तिचा नायक अखेर हरतो. 1984 च्या चित्रपटात मात्र त्याला जिंकविले आहे. पुस्तकाला जी हार सोसते, ती तिकीटबारीला सोसत नाही.

1966 साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक लॉरेन्स रिटर ह्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन गावोगाव हिंडून 22 वृद्ध खेळाडूंच्या आठवणी ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’मध्ये छापल्या. ज्यांचे केवळ आकडे उरले होते, ती माणसे बोलू लागली. त्याच वर्षी पोलाद कामगारांच्या संघटनेतले मार्व्हिन मिलर खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. 1968 च्या पहिल्या सामुदायिक करारात किमान पगार 6,000 डॉलरांवरून 10,000 वर गेला. 1970 च्या करारात तटस्थ लवाद आला.

आता कर्ट फ्लड. सेंट लुईसचा हा कृष्णवर्णी खेळाडू, पगार 90,000 डॉलर. 1969 साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाकडे देऊन टाकले. त्याने जाण्यास नकार दिला आणि दावा लावला. साक्षीला निवृत्त जॅकी रॉबिन्सन आला. चालू खेळाडू मात्र एकही आला नाही. 1972 साली फ्लड 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. त्याचे ‘द वे इट इज’ हे आत्मकथन 1971 चे, म्हणजे निकालापूर्वीचे. म्हणून ते वाचताना काळजात चर्र होते. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नाही, वाचणाऱ्याला आहे.

आणि कलम मोडले कशाने? वाचनाने! मेसरस्मिथ आणि मॅकनॅली हे दोन पिचर 1975 च्या हंगामात सही न करता खेळले. लवाद पीटर साइट्झ ह्यांनी डिसेंबरात निवाडा दिला की, मालकाला करार एक वर्ष वाढविता येतो असे लिहिले आहे, ह्याचा अर्थ एकच वर्ष. शब्द जुनेच होते. पण आता ते तटस्थ माणसाला वाचून दाखविण्याची सोय संघटनेने करून ठेवली होती.

फ्लड 1997 साली वारला. पुढल्या वर्षी त्याच्या नावाचा कायदा झाला. खालच्या लीगमधल्या खेळाडूंना संघटनेत यावयास तर 2022 साल उजाडले.

श्रोतेहो, धावांचे आकडे पाठ असलेले लक्षावधी लोक शंभर वर्षे मैदानावर टाळ्या पिटीत होते. ते कलम फार थोड्यांनी वाचले. कादंबऱ्यांनी त्या बांधलेल्या माणसाचे मन दाखविले, इतिहासाने त्याच्या गळ्यातली दोरी दाखविली. दोन्ही वाचावीत. आणि आपल्या स्वतःच्या नोकरीचा कागद कपाटात असेल, तर तोही एकदा काढून वाचावा, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.