व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग का दुखतं? डॉक्टरांकडे कधी जायचं?

जिमचा पहिला दिवस मजेत जातो. दुसऱ्या दिवशी मात्र खुर्चीतून उठतानाही मांड्या दुखतात. या दुखण्याला 'डिलेड ऑनसेट मसल सोअरनेस', थोडक्यात 'डॉम्स' म्हणतात. व्यायामानंतर साधारण 12 ते 24 तासांनी ते सुरू होतं, 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवतं आणि बहुतेकदा आठवडाभरात थांबतं.

लॅक्टिक ॲसिडमुळे दुखतं का?

नाही. आपण 'अंग आंबलं' म्हणतो खरं, पण हे दुखणं आम्लामुळे नसतं. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून कमी होतं. दुखणं त्यानंतर कितीतरी तासांनी सुरू होतं. स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि ती भरून निघताना होणारा दाह, हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. इजेची ही कल्पना अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच मांडली होती.

गड उतरल्यावर जास्त का दुखतं?

1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर चढताना दम लागतो, पण नंतर मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकसारखं काम करतात. ते ताणले जात असतानाच शरीराचा भार सावरतात. अशा कामात तंतूंना जास्त इजा होते. डंबेल सावकाश खाली आणतानाही हेच घडतं.

मग काय करायचं?

पूर्ण झोपून राहण्यापेक्षा हलकं चाला. झोप पुरेशी घ्या. स्ट्रेचिंगने फारसा फरक पडत नाही. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला, तर दुखणं कमी होतं, कारण स्नायू सरावतात. म्हणून सुरुवात थोड्याने करा आणि हळूहळू वाढवा. 'दुखलं नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही' हा समज चुकीचा आहे.

धोक्याची खूण कोणती?

लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, स्नायू खूप सुजले किंवा हातपाय हलवणं कठीण झालं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. हा 'रॅब्डोमायोलिसिस' असू शकतो. यात स्नायूंमधले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशा वेळी पेनकिलर घेऊन वाट पाहू नका. काही पेनकिलरमुळे मूत्रपिंडांवरचा ताण आणखी वाढतो.