देवनागरीची आकृती आणि खेळरचनेच्या चौकटी

पेण आणि रोहा ही नावे संगणकाच्या पडद्यावर सहसा बिघडत नाहीत. 'पेण'मधील मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते, 'रोहा'मधील काने उजवीकडे येतात. साठवणीच्या क्रमानेच चिन्हे काढीत गेले तरी वाचकास काही वावगे दिसत नाही. रोह्यावरून वाहणारी 'कुंडलिका' मात्र ही व्यवस्था उघडी पाडते. ऱ्हस्व वेलांटी साठवणीत 'ल'नंतर असते, लेखनात त्याच्या आधी येते. क्रम न फिरविल्यास ती पुढच्या 'क'ला जाऊन चिकटते. पेणची 'मूर्ती' घेतली, तर रफार न होता 'र' पायमोडकाच राहतो. या परिसराचा संवादी नकाशा किंवा मुलांसाठी खेळ रचावयाचा झाल्यास सॉफ्टवेअरची चौकट, म्हणजे चित्रे, ध्वनी व स्पर्श यांची तयार बांधणी, कोणती निवडावी हा प्रश्न म्हणूनच मुळात लिपीचा ठरतो.

या अडचणीचे मूळ १९९०च्या दशकाच्या आरंभी सापडते. १९९१च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८च्या भारतीय 'इस्की' संकेतावरून घेतली. अक्षरे उच्चारक्रमाने साठवावीत, जोडाक्षराची आकृती रेखाटणाऱ्या प्रणालीने सिद्ध करावी, असे हे तत्त्व. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते निर्दोष होय. परंतु त्याचा भार ज्यांच्यावर पडला त्यांनी तो फारसा उचलला नाही. १९९२च्या ओपनजीएलला बिंदू, रेषा व त्रिकोण ठाऊक. अक्षर ही कल्पनाच तेथे नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या चौकटीत (२००६) प्रत्येक संकेताचे एक तयार चित्र असे. रोमन लिपीस ते पुरे. 'ल्ह' किंवा 'ष्ट' यांना स्वतंत्र संकेतच नसल्याने त्यांचे चित्र येणार कोठून? संपूर्ण वाक्य चित्ररूपाने चिकटविणे हा उपाय उरे. त्यात खेळाडूचे नाव घालण्याची सोय नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतील कोणीही सांगेल की साचाच चुकला तर रंगकामाने मूर्ती सुधारत नाही.

ब्राउझरमधील चौकटींना, उदाहरणार्थ २०१३च्या फेझरला, मजकूर ब्राउझरकडून आखून घेता येतो. तेथे देवनागरी आपोआप सुधारली. स्वतंत्र चौकटींना हार्फबझ या मुक्त आकृतिसाधकाचा आधार मिळाला. (नाव फारसी आहे: 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाझ' म्हणजे खुले.) अर्जेंटिनात जन्मलेल्या व २०१४ साली मुक्त झालेल्या गोडो चौकटीने तो मार्च २०२३च्या चौथ्या आवृत्तीत सामावून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात युनिटीने स्थापनांच्या संख्येवर शुल्क जाहीर केले. ते २०२४ साली मागे घेतले गेले. त्या वादात चौकटींची तुलना मुख्यतः किंमत आणि परवाना यांवरून झाली. मराठी रचनाकाराने तुलना लिपीपासून सुरू करावी हे उचित.

त्यातही 'देवनागरी चालते' हे आश्वासन पुरेसे नाही, कारण परीक्षा बहुधा हिंदी मजकुरावर झालेली असते. हिंदीत 'ऱ्य' नाही. कोकणात तर 'दर्या' पश्चिमेस आणि 'दऱ्या' पूर्वेस सह्याद्रीत. या दोन शब्दांत केवळ 'र'च्या आकृतीचा भेद आहे, आणि निवडलेल्या चौकटीत तो पडद्यावर उतरतो की नाही हे दोन्ही शब्द शेजारी लिहून क्षणात पाहता येते.