खोतीपासून चेंज रिपोर्टपर्यंत

एखादी संस्था, एखादे मंडळ आपण उभे केले, माणसे जमवली, वर्षानुवर्षे ते चालवले; आता ते दुसऱ्यांच्या हाती द्यावे, हा विचार आज आपल्याला साधा वाटतो. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र दोनशे वर्षांपूर्वी तो कुणाच्या डोक्यात सहज आला नसता. येथे कर्तेपणाचा नमुना होता तो खोतीचा. गावची जमीन लागवडीखाली आणावी, सरकारात सारा भरावा, आणि त्या बदल्यात गावावरचा अधिकार बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जावा. खोत निवृत्त होत नसे, त्याची फक्त पिढी बदले. इंग्रजी अमलात १८८० साली खोती कायदा झाला तोही हा हक्क बांधून देण्यासाठी, मोडण्यासाठी नव्हे. संन्यासाची, मठातल्या उत्तराधिकाराची परंपरा आपल्याकडे होती. पण मठाधिपतीही शिष्य नेमतो तो बहुधा देह ठेवण्यापूर्वी. धडधाकट असताना, कामाचा उत्साह शिल्लक असताना, स्थापन केलेल्या गोष्टीवरून हात काढून घेणे ही रीत नवीच घडवावी लागली. ती घडवणाऱ्यांत याच जिल्ह्याची माणसे किती होती, हे पाहिले की नवल वाटते.

या वाटेचा आरंभ शोधत आपण रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात येऊन पोहोचतो. 'निबंधमाले'चे कर्ते विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची बदली येथे झाली होती, आणि १८७९ साली याच नोकरीवर पाणी सोडून ते पुण्याला परतले. जानेवारी १८८० मध्ये त्यांनी बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, एम. ए. होऊन गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. टिळकांचा जन्म रत्नागिरी शहरातला, १८५६ चा. त्यांचे घराणे चिखलगावचे खोत. खोतीत वाढलेल्या रक्ताने अशी शाळा काढावी की जिच्यावर कुणाचाच वारसाहक्क नाही, हा त्या काळाचा मोठा पालट होता. पण शाळेचा मूळ पुरुष तिला फार काळ लाभला नाही. मार्च १८८२ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षात चिपळूणकर वारले. संस्थापक जाण्याचा हा पहिला प्रकार: मृत्यूने, कोणतीही व्यवस्था लावून न ठेवता.

मागे राहिलेल्यांनी ऑक्टोबर १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. सोसायटीची खरी नवलाई तिच्या घटनेत होती. शाळा एका माणसाची नाही, 'आजीव सभासदां'ची आहे. प्रत्येकाने तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे सेवा द्यायची. 'आजीव' म्हणायचे आणि मुदत मात्र वीस वर्षांची ठेवायची, यातच पुढची सगळी कहाणी बीजरूपाने आहे. वेतन, बाहेरची कमाई आणि बाहेरची कामे यांवरून सभासदांत खटके उडू लागले. टिळकांचे म्हणणे असे की सोसायटीला वाहून घेतलेल्याने दुसरीकडे लक्ष वाटू नये. सोसायटीतच शिकवणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्यावर वाद विकोपाला गेला. १८९० साली टिळकांनी आपल्या भूमिकेची सविस्तर कैफियत लिहून राजीनामा दिला. वय चौतीस. संस्थापक जाण्याचा हा दुसरा प्रकार: भांडून, तत्त्वासाठी, दार लावून घेत.

टिळक गेले तेव्हा फर्ग्युसनात गणित शिकवणारा माणूस गेला. ती जागा १८९१ साली जिल्ह्यातल्याच एका माणसाने भरली. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८, गाव दापोली तालुक्यातले मुरूड. सभेत बोलायला संकोचणारा हा मनुष्य परीक्षेसाठी लहानपणी मुरुडाहून साताऱ्यापर्यंत पायी गेला होता. गावाबाहेर नोकरीला गेलेल्या मुरुडकरांनी मिळकतीतला वाटा गावासाठी द्यावा म्हणून त्याने तरुणपणीच 'मुरूड फंड' उभा केला होता. दूरदूर विखुरलेल्या माणसांचा एक समूह पत्रांवर आणि विश्वासावर चालवण्याची तालीम त्याला येथेच मिळाली.

तिसरा प्रकार गोखल्यांचा. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला १८६६ साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १८८५ पासून सोसायटीत शिकवत होते. १९०२ साली, बांधिलकी पुरती करून, निरोपाचा समारंभ स्वीकारून ते बाहेर पडले. त्याच वर्षी दापोलीजवळच्या मुर्डीचे, केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य झाले. ना मृत्यू, ना भांडण. मुदत संपली, माणूस गेला, काम चालू राहिले. पण हेच गोखले स्वतःची संस्था काढतात तेव्हा काय होते पाहा. जून १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापला आणि पहिल्या सभासदाचे पद आमरण स्वतःकडे ठेवले. १९१५ साली ते वारल्यावरच श्रीनिवास शास्त्र्यांकडे धुरा गेली. दुसऱ्याच्या घरातून वेळेवर उठणे सोपे, आपल्या घरातून उठणे अवघड.

ते अवघड काम कर्व्यांनी केले, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. १८९३ साली देवरूखच्या बालविधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केल्याबद्दल मुरुडाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. चारेक वर्षांत तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कॉलेजातले तास आटोपून कर्वे तिकडे पायी जात. अशा आश्रमाचे पुढे होते काय, हे आपण ओळखू शकतो: संस्थापकाची तब्येत हीच संस्थेची तब्येत. कर्व्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे १९०८ सालचा निष्काम कर्म मठ. संस्थेला आयुष्य वाहिलेले कार्यकर्ते आधी घडवायचे, म्हणजे कोणाही एकाच्या जाण्याने काम अडायचे नाही. आश्रमातच आलेल्या, देवरूखच्याच आणि स्वतः विधवा असलेल्या त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले काम अंगावर घेऊ लागल्या. वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, १९१८ साली अमेरिकेपर्यंत गेल्या. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्याच हाती ती जावी, हा या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा.

मग येते १९१६ साल. त्या वर्षी रत्नागिरीत, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या राजवाड्यात, ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा तीस वर्षांच्या बंदिवासानंतर मरण पावला. अखेरपर्यंत तो राजाच होता, राज्य तेवढे नव्हते. आणि त्याच वर्षी पुण्यात कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून सुचलेली ही कल्पना त्यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून मांडली होती. विद्यापीठ उभे राहिले तेव्हा कुलपती झाले मालवणात जन्मलेले आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू झाले परांजपे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी देऊ केली तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९३६ साली मुख्य ठाणे मुंबईला हलले. पद दुसऱ्याचे, नाव दुसऱ्याचे, गावही दुसरे. आणि कर्वे मात्र पुढच्या कामाला लागलेले. त्याच १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले, आणि १९४४ साली समता संघ. १९५८ साली शंभरीत भारतरत्न, १९६२ साली मृत्यू. एक संस्था सोडताना दुसरी हाती असणे, हे त्यांच्या सहज बाजूला होण्यामागचे एक रहस्य असावे. रिकाम्या हाताने खुर्ची सोडणे माणसाला जड जाते.

दरम्यान खोतीचाही शेवट जवळ आला. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे मूळ असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. गावावरचा वंशपरंपरागत हक्क कागदावरून पुसला गेला, आणि लगेच १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला. आज रत्नागिरीतले १८२८ पासूनचे नगर वाचनालय असो, गावचे देवस्थान असो की गेल्या पिढीत काढलेले नाट्यमंडळ, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत 'चेंज रिपोर्ट' द्यावा लागतो. पंचवीस-तीस वर्षे मंडळ चालवून आता पुरे म्हणणाऱ्या संस्थापकाला शेवटी याच कागदावर सही करायची असते. बदल कशाने झाला ते त्यात सांगावे लागते: मृत्यू, राजीनामा, मुदतसमाप्ती. चिपळूणकर, टिळक, गोखले या तिघांचीही वाट त्यात बसते. कर्व्यांची वाट अर्जात मावत नाही, कारण ती सहीच्या दिवशी सुरू होत नाही. आपल्याविना काम चालवू शकतील अशी माणसे तयार करायला आठ-दहा वर्षे आधी लागावे लागते. चेंज रिपोर्ट भरायला बसलेल्या किती संस्थापकांनी ती वर्षे आधीच खर्च केलेली असतात, यावर पुढचा रिपोर्ट कोण भरणार हे ठरते.