आठाचा हिशेब आणि गावातलं एकटं मूल

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण ज्यांच्या घरात, भावकीत किंवा वाडीवर नीट न ऐकू येणारं, न दिसणारं, सावकाश शिकणारं एखादं मूल आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

आमचं मूळ गाव खांब, तालुका रोहा. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं सोडलं की कोलाडच्या आधी लागतं. माझी थोरली आत्या तिथंच वाढली. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नाही. तिची भावंडं पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेली, आत्या घरी राहिली. खळ्यावर भात मोजताना मात्र पायलीचा हिशेब ती बोटांवर इतका पक्का धरायची की आजोबांची चूक तीच काढायची. तिला शाळेत का घातलं नाही, असं मी एकदा आजीला विचारलं. आजी म्हणाली, "अरे, तिची शाळा मुंबईला. तिथं कोण नेणार?"

"तिची शाळा." म्हणजे आपली शाळा ती तिची नव्हेच. आजीचा राग करण्यात अर्थ नाही. तिच्या तोंडून इतिहास बोलत होता. तो इतिहास थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे अशा मुलांच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईतच झाली. १८८५च्या सुमारास माझगावला मूकबधिर मुलांची शाळा निघाली, कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. १९००च्या दुष्काळाच्या काळात अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांना शिकवायला घेतलं. १९४४ला बौद्धिक अडचण असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा आली. मोठी कामं आहेत ही, त्यांना नमस्कारच. पण नकाशा बघा. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा. इथल्या माणसाने मूल घेऊन धरमतरला जायचं, बोट धरायची, आणि सहा-सात वर्षांचं न बोलणारं लेकरू परक्या शहरात ठेवून यायचं! किती जणांना जमलं असेल?

दुसरीकडे, सर्वांना शिक्षण ही मागणी जोर धरत होती. महात्मा फुल्यांनी १८८२ला हंटर आयोगापुढे मांडली. गोखल्यांनी १९११ला कायदेमंडळात विधेयक आणलं, ते पडलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ला सक्तीचं मोफत शिक्षण करून दाखवलं. पण सक्तीच्या शिक्षणाच्या त्या काळातल्या कायद्यांची एक रीत होती. मूल शाळेत का नाही याची जी सबळ कारणं मान्य असत, त्यात आजारपण आणि व्यंग हेही असे. म्हणजे "सर्व" म्हणतानाच काही मुलांना बाहेरचा दरवाजा उघडा ठेवलेला.

हा विचार कोठारी आयोगाने (१९६४-६६) बदलला. अपंग मुलांचं शिक्षण हा एकूण शिक्षणाचाच भाग आहे आणि शक्य तितक्या मुलांना साध्या शाळेत घ्यावं, असं आयोगाने सांगितलं. १९७४ला केंद्र सरकारने त्यासाठी योजना काढली. पुस्तकं, गणवेश, प्रवासखर्च, साधनं आणि विशेष शिक्षकाचा पगार, यासाठी केंद्राची मदत. इटलीने वेगळे वर्ग बंद करण्याचा कायदा केला तो १९७७ला. कागदावर आपण त्यांच्याही आधी होतो.

मग आमच्या आत्यासारखी मुलं शाळेत का दिसली नाहीत? एक कारण म्हणजे योजना सुरुवातीला समाजकल्याण खात्याकडे होती, शिक्षण खात्याकडे ती १९८२ला आली. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विशेष शिक्षक द्यायचा तो दर आठ मुलांमागे एक.

आता हा आठाचा हिशेब खांबसारख्या गावात लावून बघा. दादर-ठाण्याच्या मोठ्या शाळेत आठ मुलं भरतील. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पटच जेमतेम. त्यात असं मूल एक, फार तर दोन. तेही एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला मंद दिसतं, म्हणजे गरज वेगवेगळी. आठ कधी भरायचे? हिशेब चुकीचा नव्हता, तो शहराचा होता.

पुढे कायदे भराभर आले. १९९४ला स्पेनमधल्या सलामांका शहरात जगभरच्या सरकारांनी मान्य केलं की साधी शाळाच सर्व मुलांसाठी बदलली पाहिजे. १९९५चा अपंग व्यक्ती कायदा आला, त्यात अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी. सर्व शिक्षा अभियानात "एकाही मुलाला नाकारायचं नाही" हे धोरण. २००९चा शिक्षण हक्क कायदा, आणि २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. मुंबईत १९७२ला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी वेगळी शाळा काढणाऱ्या डॉ. मिठू अलूर यांनीही पुढे आपल्या संस्थेचं तोंड साध्या शाळेकडे वळवलं. वेगळी शाळा उभारणारी व्यक्तीच हे म्हणते, तेव्हा ऐकलं पाहिजे.

याचा अर्थ विशेष शाळा बंद करा असा नाही. काही मुलांना ती लागते. खुणांची भाषा बोलणारी सोबत कर्णबधिर मुलाला लागतेच. पण साध्या वर्गात नुसतं नेऊन बसवणं म्हणजे शिकवणं नव्हे. शिक्षण हक्क कायद्यामुळे शाळांना रॅम्प झाले. रॅम्पवरून मूल वर्गात पोचतं, पण पुढे फळ्यापर्यंत त्याला कोण पोचवणार?

आमच्या भावकीतली एक मुलगी आता तिसरीत आहे, तालुक्यातल्याच एका शाळेत. कानाला मशीन आहे. बाई मायेने पहिल्या बाकावर बसवतात. पण फळ्याकडे तोंड करून बोलल्या की हिचं सगळं सुटतं, कारण ती ओठ बघून समजून घेते. बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा माणूस म्हणजेच विशेष शिक्षक. महाराष्ट्रात हे शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर, कमी पगारावर गावोगाव फिरत राहिले.

२०२१ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्राथमिकला दहा आणि वरच्या वर्गांना पंधरा अशा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, आणि तोवर आहेत त्या शिक्षकांनी आसपासच्या शाळांत फिरून काम करावं. आणि २०२४ला राज्य सरकारने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्र म्हणजे आपल्या आठ-दहा शाळांचा गट, ज्याला केंद्रप्रमुख असतो तो.

माझ्या मते पन्नास वर्षांतला खरा बदल हा आहे. पहिल्यांदा हिशेब डोकी मोजून नाही, तर जागा धरून झाला. शाळेत एकच मूल असलं तरी त्याच्या केंद्राला शिक्षक मिळणं आता हक्काचं झालं. आठ भरायची वाट बघायची गरज नाही.

पण निर्णय आपोआप गावात येत नाही, विचारावं लागतं. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहात, त्यांनी पुढच्या सभेत एवढं विचारा. आपल्या केंद्राचं पद भरलं का? शिक्षक महिन्यातून कितीदा येणार, आणि ते वार शाळेत लावलेत का? मुलाची नोंद दिव्यांग म्हणून झाली आहे का? कारण समग्र शिक्षा योजनेत वर्षाला दर मुलामागे ३,५०० रुपयांची तरतूद आणि मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, आणि तो नोंदीशिवाय मिळत नाही. आणखी एक. जास्त अडचण असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय २०१२च्या दुरुस्तीने दिला आहे. तो पालकांनी निवडायचा. "घरीच ठेवा" असं दुसऱ्या कुणी सांगितलं तर लेखी मागा.

आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिची सही कुठल्याच कागदावर नाही, सगळीकडे अंगठा. पायलीचा हिशेब बोटांवर करणारी बाई होती ती.

परवा त्या तिसरीतल्या मुलीच्या आईने विचारलं, "भाऊजी, हिला मुंबईला ठेवावं लागेल का हो?" मी म्हटलं, "नाही. हिची शाळा इथंच आहे. आपण दोघं सभेला जाऊ."

तुमच्या केंद्रात विशेष शिक्षक येतात का, हे खाली जरूर लिहा. गावाचं नाव लिहा, मुलाचं लिहू नका.